कोव्हिशील्डचे दोन डोस आणि मधलं अंतर : पुणेकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२१ साली कोव्हिशील्डच्या दोन डोसमधलं अंतर चार महिन्यांत दोनदा बदललं. एकाच घरात आजोबांना सहा आठवड्यांनी, वडिलांना बारा आठवड्यांनी आणि परदेशी निघालेल्या मुलीला चारच आठवड्यांनी दुसरा डोस मिळाला. साहजिकच प्रश्न पडतो की यातलं बरोबर कोणतं. त्या निर्णयांमागचं शास्त्र, पुरवठ्याचं गणित आणि केंद्रावरच्या व्यवहारातल्या अडचणी इथे एकत्र दिल्या आहेत. बहुतेक उत्तरं कोव्हिशील्डबद्दल आहेत, कारण अंतराचा वाद तिचाच होता. कोव्हॅक्सिनचं अंतर पहिल्यापासून चार ते सहा आठवडेच राहिलं.

अंतर नेमकं कधी, किती बदललं?

१६ जानेवारी २०२१ ला लसीकरण सुरू झालं तेव्हा दुसरा डोस २८ दिवसांनी होता. २२ मार्चला केंद्र सरकारने राज्यांना ६ ते ८ आठवड्यांचं अंतर ठेवायला सांगितलं. १३ मे रोजी ते १२ ते १६ आठवडे झालं आणि कोविन या लसीच्या नोंदणीच्या पोर्टलवर ८४ दिवस पूर्ण झाल्याशिवाय दुसरा डोस घेता येईना. ७ जूनला शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी परदेशी जाणारे आणि टोकियो ऑलिम्पिकचे खेळाडू व त्यांचा चमू यांना २८ दिवसांनंतर दुसरा डोस घेण्याची सूट मिळाली. पुढे मार्च २०२२ मध्ये एनटागी या राष्ट्रीय तांत्रिक सल्लागार गटाने ८ ते १६ आठवड्यांची शिफारस केली, पण तोवर बहुतेकांचे दोन्ही डोस झाले होते.

तारखांवर हे असं दिसतं. १० एप्रिल २०२१ ला पहिला डोस घेतलेल्या माणसाचा दुसरा डोस चार आठवड्यांच्या हिशेबाने ८ मेला, सहा आठवड्यांच्या हिशेबाने २२ मेला आणि ८४ दिवसांच्या नियमाने ३ जुलैला आला. पावसाळ्यापूर्वी मोकळे होऊ म्हणणारे थेट जुलैत गेले.

१६ मे रोजी ज्यांच्या हातात अपॉइंटमेंट होती त्यांना का परत पाठवलं?

पाठवायला नको होतं. आधी ठरलेल्या ऑनलाइन अपॉइंटमेंट ग्राह्य धराव्यात, असं केंद्राने तेव्हाच स्पष्ट केलं होतं. पण नवीन नियम बातम्यांतून आधी पोचला आणि खुलासा नंतर. मधल्या दोन-तीन दिवसांत केंद्रावर बसलेल्या माणसाने टीव्हीवर ऐकलेला नियम लावला.

अंतर शास्त्रीय कारणाने वाढवलं की लस कमी पडली म्हणून?

दोन्ही कारणं होती, आणि दुसरं कारण उघड न बोलल्यामुळे पहिल्यावरचाही विश्वास उडाला. १३ मेच्या सरकारी निवेदनात ब्रिटनमधल्या प्रत्यक्ष अनुभवाचा आधार दिला होता, आकडे नव्हते. पुरवठ्याचा उल्लेखच नव्हता. त्याच आठवड्यात पुण्यातल्या केंद्रांबाहेर 'आज लस उपलब्ध नाही' असे कागद चिकटवलेले होते. लोकांनी दोन आणि दोन चार केले, यात त्यांचं काय चुकलं? 'लस कमी आहे, ती जास्तीत जास्त लोकांपर्यंत आधी पोचवायची आहे, आणि सुदैवाने या लसीला जास्त अंतर मानवतं' अशी तीन वाक्यं पुरली असती. ती खरीही होती.

जास्त अंतर ठेवल्याने लस जास्त चांगली कशी चालते?

पहिल्या डोसनंतर काखेतल्या लसिका ग्रंथींमध्ये बी पेशींची निवड सुरू होते. विषाणूच्या काट्याला (स्पाइक) जास्त घट्ट चिकटणारी प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी टिकतात, बाकीच्या गळतात. ही चाळणी काही आठवडे, कधी काही महिने चालते. दुसरा डोस लवकर दिला तर निवड अर्धवट असतानाच त्या पेशींना पुढच्या कामाला जुंपलं जातं. थांबून दिला तर निवडलेल्या पेशींची फौज वाढते. म्हणूनच अनेक लसींमध्ये जास्त अंतराने प्रतिपिंडांची पातळी जास्त मिळते. हा काही कोविडच्या काळात लागलेला शोध नाही.

दुसरं एक कारण फक्त कोव्हिशील्डसारख्या लसींना लागू पडतं. या लसीत चिंपांझीच्या ॲडिनोव्हायरसचं निरुपद्रवी रूप वाहन म्हणून वापरलं आहे. शरीर त्या वाहनाविरुद्धही प्रतिपिंडं बनवतं आणि ती ताजी असताना दुसरा डोस दिला, तर काही वाहनं पेशीत शिरण्याआधीच अडवली जाऊ शकतात. हा अंदाज तर्काला धरून आहे, पण मुख्य भार पहिल्या कारणावरच.

५५ टक्क्यांवरून ८१ टक्के, हे आकडे कुठले?

ऑक्सफर्ड-ॲस्ट्राझेनेकाच्या लसीच्या (तीच इथे कोव्हिशील्ड) चाचण्यांचं एकत्रित विश्लेषण फेब्रुवारी २०२१ मध्ये 'लॅन्सेट' मध्ये आलं. सहा आठवड्यांपेक्षा कमी अंतर असलेल्यांत लक्षणं असलेल्या आजारापासून ५५.१ टक्के संरक्षण दिसलं आणि बारा आठवडे किंवा जास्त अंतर असलेल्यांत ८१.३ टक्के. एका डोसनंतर २२ व्या दिवसापासून ९० व्या दिवसापर्यंत ७६ टक्के संरक्षण मिळाल्याचंही त्यातच होतं. अंतर वाढवावं म्हणणाऱ्यांचा खरा आधार हा ७६ चा आकडा होता. दुसऱ्या डोसची वाट पाहताना माणूस उघडा पडत नाही, असं त्यातून दिसत होतं.

पण हे आकडे वापरताना तीन गोष्टी विसरल्या गेल्या. एक, अंतर किती ठेवायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं. ब्रिटनमधली चाचणी आधी एका डोसची होती, दुसरा डोस नंतर जोडला, तो तयार व्हायला वेळ लागला आणि अंतर आपसूक वाढलं. त्यामुळे कमी आणि जास्त अंतराच्या गटांतली माणसं वय-व्यवसायाने सारखी नव्हती. दोन, ५५.१ ची संभाव्य मर्यादा ३३ ते ७० होती आणि ८१.३ ची ६० ते ९१. म्हणजे दोन्ही पट्टे एकमेकांवर चढतात. तीन, ही माहिती विषाणूचा डेल्टा हा नवा प्रकार येण्याआधीची होती.

एका डोसात जास्त माणसं की दोन डोसात कमी? हे गणित कसं मांडतात?

कागद-पेन्सिल घ्या. समजा, एखाद्या शहराला बारा आठवडे दर आठवड्याला ५० हजार डोस मिळतात, एकूण ६ लाख. (हे आकडे उदाहरणापुरते आहेत.)

चार आठवड्यांचं अंतर ठेवलं तर पहिल्या चार आठवड्यांत २ लाख लोकांना पहिला डोस मिळतो, पुढचे चार आठवडे त्यांच्याच दुसऱ्या डोसात जातात आणि शेवटच्या चार आठवड्यांत नवे २ लाख येतात. बाराव्या आठवड्याअखेर २ लाख लोकांचे दोन डोस झाले, २ लाखांचा एक आणि बाकी शहर कोरडं. बारा आठवड्यांचं अंतर ठेवलं तर ६ लाख लोकांना एक-एक डोस मिळतो, दोन डोस कुणालाच नाहीत.

आता दोन्ही बाजूंना सारखे असलेले वगळा. राहतो तो प्रश्न असा: २ लाख लोकांचं दोन डोसांचं संरक्षण मोठं, की ४ लाख लोकांचं एका डोसाचं? म्हणजे एका डोसाचं संरक्षण दोन डोसांच्या निम्म्याहून जास्त असेल तर अंतर वाढवणं फायद्याचं, कमी असेल तर तोट्याचं. सगळा वाद या 'निम्म्या' वर उभा होता, आणि चर्चेच्या कार्यक्रमांत तो शब्द क्वचितच ऐकू आला.

मग डेल्टामुळे उत्तर बदललं का?

बदललं, पण अर्धंच. इंग्लंडमध्ये मोजलेले आकडे पाहू. त्याआधीच्या अल्फा या प्रकाराविरुद्ध एका डोसाने लक्षणं असलेल्या आजारापासून सुमारे ४९ टक्के संरक्षण मिळत होतं आणि ॲस्ट्राझेनेकाच्या दोन डोसांनी सुमारे ७५. निम्मे म्हणजे ३७.५, म्हणजे एक डोस सहज वर. डेल्टाविरुद्ध एका डोसाचं सुमारे ३१ वर आलं आणि दोन डोसांचं ६७ वर. निम्मे ३३.५, म्हणजे एक डोस थोडा खाली. नुसता ताप-खोकला टाळायचा असेल तर पारडं उलट झुकलं.

रुग्णालयात दाखल होण्यापासूनचं संरक्षण मात्र जून २०२१ मधल्या इंग्लंडच्या पहिल्या आकड्यांनुसार डेल्टाविरुद्धही ॲस्ट्राझेनेकाच्या एका डोसाने ७१ टक्के आणि दोन डोसांनी ९२ टक्के होतं. इथे निम्मे ४६, एक डोस कितीतरी वर. म्हणजे साथ पसरू नये हे उद्दिष्ट असेल तर अंतर कमी करा आणि ऑक्सिजनच्या खाटा वाचवायच्या असतील तर वाढवा. एकाच लसीची, एकाच विषाणूविरुद्धची दोन उत्तरं, दोन्ही बरोबर. एप्रिल-मे २०२१ मध्ये पुण्यात खाटा मिळत नव्हत्या हे लक्षात घेतलं तर आमच्या मते मेमधला निर्णय समर्थनीय होता. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पुरवठा वाढल्यावरही तो ८४ दिवसांवरच धरून ठेवला, त्याचं समर्थन करणं अवघड आहे.

भारताने अंतर वाढवलं आणि दुसऱ्याच दिवशी ब्रिटनने कमी केलं. मग कोण चुकलं?

कुणीच नाही. १३ मेला आपण १२ ते १६ आठवडे केले आणि १४ मेला ब्रिटनने पन्नाशीपुढच्या व आजारी लोकांसाठी १२ वरून ८ केले, हे खरं. पण ब्रिटनमध्ये तोवर ज्येष्ठांचे पहिले डोस जवळपास उरकले होते. पहिल्या डोसची रांग संपली की जास्त अंतर ठेवण्याचं कारणही संपतं. आपल्याकडे त्या रांगेत अजून कोट्यवधी लोक उभे होते. वरचं गणित दोन्हीकडे तेच, फक्त त्यात टाकलेली परिस्थिती वेगळी.

सगळे तज्ज्ञ सहमत होते का?

नाही. १२ ते १६ आठवड्यांची शिफारस एकमताने झाली, असं सरकारचं म्हणणं होतं. जून २०२१ मध्ये सल्लागार गटाच्या काही सदस्यांनी रॉयटर्सला सांगितलं की आठ ते बारा आठवड्यांना आधार होता, बाराच्या पुढे नेण्याइतकी माहिती हाती नव्हती. सरकारने मतभेद असल्याचं नाकारलं. बैठकीचं टिपण आणि आकडेवारी त्याच दिवशी लोकांसमोर ठेवली असती तर वाद आकड्यांवर झाला असता.

लस हडपसरला बनत होती, मग पुण्यातच तुटवडा कसा? काखेत कळसा आणि गावाला वळसा!

कारखान्यातून बाहेर पडलेली बाटली थेट शहरात वाटता येत नाही. प्रत्येक बॅचचे नमुने आणि कागदपत्रं केंद्रीय औषध प्रयोगशाळेकडे जातात. सुरुवातीला हे काम हिमाचलमधल्या कसौलीत होत असे. बॅच मोकळी झाल्यावर केंद्राच्या वाटपानुसार माल राज्यांच्या भांडारात जातो, तिथून जिल्हा, मग महापालिका, मग केंद्र. १२ जानेवारी २०२१ ला पहिला साठा मांजरीच्या कारखान्यातून निघाला तोही लोहगाव विमानतळावरून देशभर गेला. पुण्याच्या वाट्याला काय यावं हे कारखाना किती जवळ आहे यावर ठरत नव्हतं. जून २०२१ अखेर पाषाण-गणेशखिंड भागातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राला लस तपासणीची केंद्रीय प्रयोगशाळा म्हणून मान्यता मिळाली, तेव्हा कुठे कसौलीवरचा भार हलका होऊ लागला.

दुसरा भाग खरेदीचा. ३० एप्रिलपर्यंत सगळी खरेदी केंद्राची होती. १ मेपासून निम्मा माल केंद्राला आणि निम्मा राज्यं व खासगी रुग्णालयांना, अशी विभागणी झाली. राज्यं एकमेकांशी स्पर्धा करू लागली आणि मोठी खासगी रुग्णालयं पैसे मोजून पुढे गेली. २१ जूनपासून केंद्राने ७५ टक्के घेऊन राज्यांना मोफत द्यायचे आणि २५ टक्के खासगी, असं ठरलं. वर्षाच्या सुरुवातीला लस बनवणाऱ्या सीरम इन्स्टिट्यूटचं उत्पादन महिन्याला सहा-सात कोटी डोसांच्या आसपास होतं. १८ वर्षांवरच्या साधारण ९४ कोटी लोकांना दोन डोस द्यायचे तर हे किती पुरेल, ते तिसरीतलं मूलही सांगेल.

निर्यातीमुळे कमी पडली का, हाही प्रश्न येतो. थोडी पडली. पण मार्चअखेर निर्यात जवळपास थांबली आणि तरी मे महिन्यात तुटवडा होताच. मोठी चूक आगाऊ मागणी वेळेत आणि पुरेशी न नोंदवण्याची होती.

खासगीत किंमत किती होती?

मार्च-एप्रिलमध्ये सेवाशुल्क धरून २५० रुपये. जूनपासून कमाल मर्यादा कोव्हिशील्डला ७८०, कोव्हॅक्सिनला १,४१० आणि स्पुटनिकला १,१४५ रुपये, १५० रुपये सेवाशुल्कासह. एप्रिल २०२२ मध्ये तिसऱ्या डोसाच्या वेळी दोन्ही भारतीय लसींचा खासगी दर २२५ रुपये अधिक सेवाशुल्क असा झाला.

१८ ते ४४ चं लसीकरण सुरू करून लगेच बंद का केलं?

१ मेला सुरू झालं, १२ मेपासून महाराष्ट्रात थांबवलं. ४५ वर्षांवरच्या अनेकांचा कोव्हॅक्सिनचा दुसरा डोस अडला होता, म्हणून तरुणांसाठी घेतलेला साठा तिकडे वळवला. कोव्हॅक्सिनला अंतर वाढवण्याची मुभा नसल्यामुळे हे करणं भागच होतं. पात्रतेचं दार आधी उघडायचं आणि माल नंतर शोधायचा, हा उलटा क्रम मात्र टाळता आला असता.

शहरातले लोक मुळशी-मावळात जाऊन लस घेत होते. ते योग्य होतं का?

नियमात बसत होतं, न्यायाला धरून नव्हतं. कोविनवर देशातला कुणीही कोणतंही केंद्र निवडू शकत होता. स्लॉट उघडताच काही सेकंदांत ते संपत आणि ज्याच्याकडे लॅपटॉप, वेगवान इंटरनेट आणि मोकळा वेळ, तो जिंकत असे. मग हिंजवडीतला अभियंता मावळातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रावर गाडीने पोचे आणि त्याच गावातली शेतमजूर बाई 'नाव नाही' म्हणून परत जाई. मार्केट यार्डातला हमाल किंवा धुणीभांडी करणाऱ्या मावशी दिवसाला पन्नास माणसांना भेटतात. प्रसाराच्या दृष्टीने त्यांना आधी लस मिळायला हवी होती. २४ मेपासून सरकारी केंद्रांवर तरुणांनाही जागेवर नोंदणी करून लस देण्याची परवानगी मिळाली, त्याने फरक पडला. टोकन पहाटे वाटलं तर पुन्हा रोजंदारीवाला मागे पडतो. संध्याकाळचं सत्र आणि वस्तीजवळचं केंद्र हाच त्यावर उपाय.

रांगेत सहाच जण उरले म्हणून बाटली फोडली नाही. असं का?

कोव्हिशील्डच्या बाटलीत ५ मिली, म्हणजे अर्ध्या मिलीचे दहा डोस असतात. झाकण टोचलं की घड्याळ सुरू होतं. कार्यक्रमाच्या नियमात उघडलेली बाटली चार तासांत संपवायची, उरलेलं फेकायचं. सायंकाळी पावणेपाचला सहा माणसांसाठी बाटली फोडली तर चार डोस वाया जातात आणि त्याचा जाब केंद्राला द्यावा लागतो. म्हणून चांगली केंद्रं दुपारी तीनलाच उरलेली माणसं मोजत, जवळच्या दहा-पंधरा जणांची फोन यादी तयार ठेवत आणि बाटली फोडण्याआधी दहाचा आकडा पुरा करत. अशी यादी नसलेल्या केंद्रावर एक तर डोस वाया जात किंवा माणसं परत जात.

बाटलीत थोडा जास्तीचा द्रव असतो. टोचणारी परिचारिका तरबेज असेल आणि आपोआप निकामी होणारी अर्ध्या मिलीची सिरिंज असेल तर अकरावा डोसही निघतो. पूर्ण अर्धा मिली भरला तरच तो द्यायचा. दोन बाटल्यांतले तळ एकत्र करून डोस बनवणं साफ चूक.

साठवणुकीत काय बिघडतं?

तापमान २ ते ८ अंश हवं, हे सगळ्यांना पाठ असतं. लस उन्हाने बिघडेल याची भीतीही सगळ्यांना असते. प्रत्यक्षात अनेकदा घात बर्फाने होतो. डीप फ्रीजरमधून काढलेला आइसपॅक थेट कॅरियरमध्ये, म्हणजे लस नेण्याच्या पेटीत ठेवला तर त्याला टेकलेली बाटली गोठते. पॅक बाहेर काढून, हलवल्यावर आत पाणी खळखळेपर्यंत थांबायचं आणि मग चार बाजूंना चार पॅक लावायचे. गोठलेली कोव्हिशील्ड वापरायची नाही. बाटली जोरात हलवायचीही नाही.

८४ दिवसांपेक्षा खूप उशीर झाला तर पुन्हा पहिल्यापासून डोस घ्यावे लागतात का?

नाही. हा प्रश्न तेव्हा सर्वाधिक येई. किमान अंतर पाळणं महत्त्वाचं, कमाल अंतर ओलांडलं तर मालिका रद्द होत नाही. पहिल्या डोसाने तयार झालेल्या स्मृतिपेशी चार महिन्यांनी पळून जात नाहीत. उशिराचा तोटा एवढाच की मधल्या काळात संरक्षण अपुरं असतं.

मधेच कोविड झाला तर?

१९ मे २०२१ पासूनचा नियम असा होता की बरं झाल्यावर तीन महिने थांबायचं. पहिला डोस झाल्यावर संसर्ग झाला असेल तर दुसराही तीन महिने पुढे. संसर्ग स्वतःच एका डोसासारखं काम करतो, त्यामुळे यात नुकसान नाही. रक्तदानासाठी प्रत्येक डोसानंतर १४ दिवस थांबायचं होतं.

पहिला डोस कोव्हिशील्ड, दुसरा चुकून कोव्हॅक्सिन. काही धोका?

उत्तर प्रदेशातल्या सिद्धार्थनगर जिल्ह्यात असं काही जणांना झालं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने त्यांच्यातल्या १८ जणांचा अभ्यास केला. दुष्परिणाम वाढले नव्हते, प्रतिपिंडं उलट चांगली दिसली. म्हणून मुद्दाम मिसळा असं नव्हे, पण चूक झाली तर घाबरण्याचं कारण नाही.

अंतर कमी ठेवल्याने रक्ताच्या गुठळ्या होतात का?

गुठळ्या आणि प्लेटलेट घटणं हा या लसीचा खरा पण अतिदुर्मीळ दुष्परिणाम आहे आणि तो प्रामुख्याने पहिल्या डोसानंतर दिसला, त्यामुळे अंतराशी त्याचा संबंध जोडता येत नाही. मे २०२१ मधल्या सरकारी अहवालात २६ संभाव्य रुग्ण, म्हणजे दहा लाख डोसांमागे ०.६१ असं प्रमाण होतं. डोसानंतर २० दिवसांत धाप लागणं, छातीत दुखणं, पाय सुजणं, न थांबणारी डोकेदुखी किंवा पोटदुखी, टोचल्याच्या जागेपासून दूर त्वचेवर बारीक लाल ठिपके, अंधुक दिसणं, यांपैकी काहीही झालं तर लगेच रुग्णालय गाठायचं, अशी सूचना होती. काही वर्षांनी अंगदुखी झाली म्हणून लसीला दोष देणाऱ्यांना मात्र या दुष्परिणामाचा आधार घेता येत नाही.

प्रमाणपत्रावर दोन 'पहिले डोस' दिसतात. कसं दुरुस्त करायचं?

दुसऱ्या वेळी वेगळा मोबाइल नंबर किंवा वेगळं ओळखपत्र दिलं की असं होतं. पहिल्या वेळी आधार, दुसऱ्या वेळी पॅन कार्ड, की पोर्टलच्या लेखी तुम्ही दोन माणसं. त्यासाठी तक्रार विभागात दोन पहिल्या डोसांची प्रमाणपत्रं एकत्र करण्याचा पर्याय दिला गेला. नाव, जन्मवर्ष, लिंग यांची दुरुस्ती आणि पासपोर्ट क्रमांक जोडणंही तिथेच. नाव पासपोर्टवर आहे अक्षरशः तसंच लागे; आडनाव आधी की नंतर यावरून विमानतळावर अडकलेले कमी नाहीत. लस न घेता 'लसीकरण यशस्वी' असा संदेश आला असेल, तर चुकीची नोंद रद्द करण्याचा पर्याय जानेवारी २०२२ पासून होता.

हे सगळं जुळण्याला तेव्हा पोटापाण्याचं महत्त्व होतं. ऑगस्ट २०२१ पासून मुंबईच्या लोकलमध्ये बसायला दोन डोस आणि वर १४ दिवस लागत. ज्याचा ८४ वा दिवस सप्टेंबरात, त्याला नियम पाळूनही गाडी बंद. अंतर ठरवणारे आणि निर्बंध ठरवणारे एकमेकांशी बोलत नसले की असं होतं.

कुणी कोर्टात गेलं का?

केरळमध्ये एका कंपनीने कामगारांसाठी विकत घेतलेल्या लसीचा दुसरा डोस लवकर मागितला. सप्टेंबर २०२१ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने पैसे देऊन लस घेणाऱ्यांना चार आठवड्यांची मुभा द्यायला सांगितलं. परदेशी जाणाऱ्याला सूट, मग इथेच राहणाऱ्याला का नाही, हा त्यातला मुद्दा बिनतोड होता. केंद्राने अपील केलं आणि खंडपीठाने तो निकाल फिरवला.

मुलीच्या एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धच्या) लसीलाही हाच अंतराचा हिशेब लागतो का?

तत्त्व तेच. सीरमच्याच सर्व्हाव्हॅक या एचपीव्ही लसीचं वेळापत्रक ९ ते १४ वर्षांच्या मुलींना सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस आणि पंधरापासून पुढे ०, २ आणि ६ महिन्यांनी तीन डोस असं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२२ मध्ये ९ ते २० वयासाठी एक डोसही चालेल असं म्हटलं, त्यामागेही वरचाच प्रश्न होता: कमी डोसात जास्त मुली की जास्त डोसात कमी? फरक इतकाच की इथे एका डोसाचं संरक्षण दोन डोसांच्या जवळपास पोचतं. दुसरा डोस परीक्षेमुळे आठव्या-नवव्या महिन्यावर गेला तरी चालतो. पाचव्या महिन्यात 'आलोच आहोत तर देऊन टाका' म्हणू नका.